किमोनची चांदी, हिएरोनचा खुर्दा

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीस सिसिली बेटावरच्या सिराक्यूज नगरात किमोन नावाच्या कारागिराने नाण्यावर एक चेहरा समोरून कोरला. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण नाण्यावरचा चेहरा बाजूने दाखवायचा, हा ग्रीकांचा बहुतेक ठिकाणचा रिवाज होता आणि त्यामागे रोकडा हिशेब होता. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी ही बाजूच्या चेहऱ्याची सगळी ओळख एका रेषेत मावते. नाणे कितीही झिजले तरी ती रेषा पुसट का होईना, उरते. समोरच्या चेहऱ्यात नाक सर्वांत उंच येते. हातोहात फिरताना पहिल्यांदा घासले जाते तेही नाकच. म्हणजे असा चेहरा कोरणारा माणूस आपले काम लवकर बिघडणार हे जाणूनच कोरायला बसतो. गॉर्गनसारख्या अक्राळविक्राळ मुखवट्यांचे ठीक होते, त्यांचे नाक बसकेच असायचे. किमोनला मात्र एका तरुण जलदेवतेचे देखणे रूप हवे होते.

ही देवता आरेथुसा. अल्फेइओस नदाच्या पाठलागातून सुटण्यासाठी ती ग्रीसमधून समुद्राखालून पळाली आणि सिराक्यूजच्या ऑर्टिजिया बेटावर झरा होऊन वर आली, अशी कथा आहे. समुद्राच्या अगदी काठाशी असलेला तो गोड्या पाण्याचा झरा आजही तिथे आहे. किमोनच्या टेट्राड्राक्मवर, म्हणजे चार ड्राक्मांच्या सुमारे 17 ग्रॅम वजनाच्या चांदीच्या नाण्यावर, ती आपल्याकडे किंचित मान वळवून पाहते. पूर्ण समोर नाही, पाऊण समोर. या थोडक्या वळणावर सगळे नाणे तोललेले आहे. वळणामुळे नाकाची एक बाजू गालात विरते, दुसऱ्या बाजूला सावली पडते आणि धातूच्या जेमतेम उठावात चेहऱ्याला गोलाई येते. केस मोकळे आहेत. बटा दोन्ही बाजूंना पसरल्या आहेत, वाऱ्यावर नव्हे, पाण्यात पसराव्यात तशा. त्यांच्यामधून डॉल्फिन पोहताना दिसतात. पाणी कुठेही कोरलेले नाही. डॉल्फिन आणि केस यांनीच ते सुचवले आहे आणि चेहऱ्याभोवतीची रिकामी जागा आपोआप झऱ्याचे पाणी झाली आहे.

आता भिंग थोडे वर न्यावे. कपाळावरच्या केशबंधावर बारीक अक्षरांत किमोनने स्वतःचे नाव कोरले आहे. आरेथुसाचे नाव मात्र ठिपक्यांच्या वर्तुळाबाहेर, नाण्याच्या अगदी कडेला आहे. तिथे चकती जराशी सरकली की अक्षरे नाण्याबाहेर जातात, त्यामुळे अनेक नमुन्यांवर देवीचे नाव अर्धेमुर्धेच उमटले आहे. कारागिराचे नाव सुरक्षित, देवतेचे नशिबावर! ही मिजास त्या काळच्या सिसिलीत चालून गेली. एवाइनेतोस, युक्लेइदास, फ्रिगिलोस अशी आणखी नावेही त्याच सुमारास सिराक्यूजच्या नाण्यांवर येतात. युक्लेइदासने शिरस्त्राण घातलेल्या अथेनाचा चेहरा असाच समोरून कोरला. ग्रीक जगात इतरत्र कारागिराची सही क्वचितच सापडते. सिराक्यूजमध्ये काही वर्षे टांकसाळ जणू कारागिरांच्या चढाओढीवर चालली. किमोनच्या चेहऱ्याची कीर्ती किती पसरली, तर थेसलीतल्या लारिसा नगराने आपल्या जलदेवतेसाठी तोच चेहरा उचलला आणि आशिया मायनरमधल्या टार्ससला इराणी क्षत्रपांनी पाडलेल्या नाण्यांवरही तो जाऊन बसला.

या कामाची अवघड बाजू समजल्याशिवाय त्याची गोडी पुरती कळत नाही. कारागीर नाणे कोरत नाही, ठसा कोरतो. तोही उलटा. मोदकाच्या साच्यात जे खोल असते तेच मोदकावर उठून दिसते, तसे आरेथुसाचे नाक ठशात सर्वांत खोल खणावे लागते, अक्षरे आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागतात आणि सगळे काम बोटाच्या दोन पेरांएवढ्या जागेत करायचे असते. मग एक ठसा ऐरणीत पक्का बसवायचा, त्यावर तापवलेली चांदीची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा हाताने धरायचा आणि हातोडा हाणायचा. धातू ठशाच्या तळापर्यंत पोहोचला तर नाक उमटते, नाही तर देवी नकटी. वरचा ठसा थेट घाव खातो, म्हणून तो आधी फुटतो. ठशाला तडा गेला की पुढच्या प्रत्येक नाण्यावर ती रेघ उठते आणि दर घावागणिक वाढत जाते. याच रेघांवरून, कोणता ठसा कोणत्या जोडीदाराबरोबर वापरला हे लावत, फिनलंडच्या टुडेर या अभ्यासकाने 1913 मध्ये सिराक्यूजच्या सह्या असलेल्या टेट्राड्राक्मांची अनुक्रमणी सिद्ध केली. संग्राहकाला खोट वाटणारी रेघ अभ्यासकाला अशी तारखेच्या जागी उपयोगी पडते.

उंच उठावाचे हे वेड पुढे विसाव्या शतकातही एकदा उफाळले. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना ग्रीक नाण्यांचा मोह पडला आणि आपल्या देशाची सोन्याची नाणी तशीच उठावदार हवीत म्हणून त्यांनी सेंट-गॉडन्स या शिल्पकाराला गळ घातली. 1907 साली वीस डॉलरचे ते नाणे झाले, देखणे झाले. पण यंत्राच्या एका दाबात उठाव उमटेना, पुन्हा पुन्हा दाब द्यावा लागे. शेवटी रोजच्या उत्पादनासाठी उठाव कमी करावा लागला. सिराक्यूजच्या टांकसाळीत घाई नव्हती असे नाही. पण तिथल्या लोकांनी देखणेपणासाठी झीज आणि नासधूस पत्करली होती.

याच्या नेमके उलटे अथेन्सचे घुबड. सिराक्यूज आणि अथेन्स एकमेकांचे वैरी; इसवी सनापूर्वी 413 मध्ये अथेन्सची चाल करून आलेली फौज सिराक्यूजने धुळीला मिळवली आणि कैद्यांना दगडाच्या खाणीत डांबले. दोघांचे नाण्याचे वजनमाप मात्र एकच. अथेन्सच्या टेट्राड्राक्मवर पुढे अथेना, मागे तिचे घुबड, ऑलिव्हची डहाळी, इवलीशी चंद्रकोर आणि नगराच्या नावाची तीन अक्षरे. चेहरा बाजूचा, पण डोळा समोरून पाहिल्यासारखा पूर्ण, बदामी. ही जुनाट धाटणी आहे. पार्थेनॉनची शिल्पे घडवणाऱ्या गावाला बाजूचा डोळा कोरता येत नव्हता असे थोडेच आहे! तरीही नाण्यावरचा डोळा त्यांनी पिढ्यान् पिढ्या बदलला नाही. लावरिओनच्या खाणीतली चांदी इजिप्तपासून सीरियापर्यंत याच छापेवर विश्वास ठेवून घेतली जात होती. छाप सुधारली असती तर परदेशी सराफ बिचकला असता. नाणे पाहताना एक गंमत जाणवते. अथेनाचे तोंड बाजूला असून तिचा डोळा आपल्याकडे, घुबडाचे अंग बाजूला असून त्याचे दोन्ही डोळे आपल्याकडे. नाणे कसेही पडो, ते आपल्यावर नजर ठेवून असते. एवाइनेतोसच्या सफाईपुढे ते राकट वाटते, पण डोळ्यापुढून हलत नाही.

विश्वासाचा हा प्रश्न अथेन्सला पुढे चांगलाच भोवला. स्पार्टाशी चाललेल्या युद्धाच्या शेवटी चांदी संपली तेव्हा वर चांदीचा पत्रा आणि आत तांबे अशी नाणी काढावी लागली. इसवी सनापूर्वी 405 मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘बेडूक’ या नाटकात अॅरिस्टोफेनिसने खऱ्या जुन्या नाण्यांना दूर सारून हलकी नाणी वापरणाऱ्या नगराला टोमणे मारले. तीसेक वर्षांनी केलेला एक कायदा 1970 साली अथेन्सच्या अगोऱ्यातल्या, म्हणजे जुन्या बाजारचौकातल्या, उत्खननात दगडावर कोरलेला सापडला. त्यात सरकारी पारख्याची नेमणूक आहे. हा पारखी नगराचा गुलाम. त्याने सराफांच्या मेजांमध्ये बसायचे, नाणे खरे असेल तर परत द्यायचे, आत तांबे किंवा शिसे निघाले तर तिथल्या तिथे कापायचे. त्याने काम चुकवले तर 50 फटके. आणि त्याने खरे ठरवलेले नाणे व्यापाऱ्याने नाकारले तर व्यापाऱ्याचा माल जप्त. आजही घुबडांवर छिन्नीचा आडवा घाव दिसतो. नवखा संग्राहक अशा नाण्याला नाक मुरडतो. मला तो घाव आवडतो; ती त्या काळच्या कुणा पारख्याने ठेवलेली पोचपावती आहे.

इथवर सगळे चांदीचे कौतुक झाले. पण एक टेट्राड्राक्म म्हणजे किती पैसे? अथेन्सच्या इरेक्थेइयन मंदिराच्या बांधकामाच्या हिशेबात कारागिराची मजुरी दिवसाला एक ड्राक्मा आहे. म्हणजे एक घुबड चार दिवसांच्या कमाईएवढे. मग भाजी, मासळी, तेल घ्यायला काय? ड्राक्माचा सहावा भाग तो ओबोल, त्याचेही तुकडे. चांदीच्या या कणांचे वजन एका ग्रॅमच्या आत, आणि सर्वांत लहान नाणी तर मसुराच्या डाळीपेक्षा लहान. अॅरिस्टोफेनिसची पात्रे बाजाराला जाताना अशी मोड गालात धरून जातात. त्या अडचणीतून सुटका केली ती काशाने. सिसिलीत काशाचे वजनावर मोल करण्याची रीत आधीपासून होती, त्यामुळे काशाचा खुर्दा तिथे लवकर रुळला. काळ्या समुद्राकाठच्या ओल्बियाने तर काशाचे ओतीव डॉल्फिनच पैसे म्हणून चालवले.

बहुतेक संग्राहक काशाकडे स्वस्त म्हणून वळतात. माझे म्हणणे वेगळे आहे. ग्रीक नाण्याची खरी परीक्षा काशातच होते, कारण काशाच्या नाण्याला लपायला जागा नाही. चांदी चमकते, प्रकाश खेळवते, सामान्य कोरीवकामालाही श्रीमंती देते. कासे काळपट, हिरवट, खरबरीत. त्यावर रचना पक्की असेल तरच ती दिसते.

उदाहरण हिएरोन दुसरा या सिराक्यूजच्या राजाचे घेऊ. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातली त्याची पोसायडन-त्रिशूळ छापाची काशाची नाणी भरपूर आहेत. आकार साधारण 20 मिलिमीटर, आपल्या लहान नाण्यांएवढा. पुढच्या बाजूला समुद्रदेव पोसायडनचे दाढीवाले तोंड, कपाळावर फीत. मागच्या बाजूला नक्षीदार त्रिशूळ, दोन्ही अंगांना एकेक डॉल्फिन आणि राजाचे नाव दोन तुकड्यांत: अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे. आता ही मागची बाजू नीट पाहा. त्रिशूळ नाण्याला उभे दोन भागांत कापतो. त्याची टोके वरच्या कडेला भिडतात, दांडा खालच्या कडेकडे जातो. डॉल्फिन त्याच्या दोन्ही अंगांना असे वळतात की त्यांच्या पाठी नाण्याच्या गोलाईला धरून राहतात. त्रिशूळाच्या मधल्या फाट्यांत वेलीसारखी वळणे आहेत. सरळ दांडा आणि वाकडी अंगे यांच्यामधला रुक्षपणा ती मोडतात. अक्षरे उरलेल्या जागेत बसतात. इतक्या गोष्टी एवढ्याशा वर्तुळात आहेत आणि तरी दाटी नाही. नाणे अर्धे झिजले, तरी त्रिशूळ उरतो. पाऊण झिजले, तरी मधली उभी रेघ आणि दोन कमानी उरतात. कोरणाऱ्याने झीज गृहीत धरून रचना केली आहे. किमोनने झिजेकडे काणाडोळा केला. या निनावी माणसाने तिलाच हाताशी धरले. त्याने सही केलेली नाही, आणि तशी सोयही नव्हती.

पोसायडनच्या बाजूला कारागिरीची सरळ चढाओढ दिसते. एकाच छापाची दहा नाणी शेजारी ठेवली तर एकात दाढीचे कुरळे स्वतंत्र मोजता येतात, दुसऱ्यात दाढी नुसती लाटांसारखी. एकात भुवई डोळ्यावर ओठंगलेली, म्हणून देव रागीट, दुसऱ्यात डोळा उघडा, म्हणून देव थकलेला. ठसे कोरणारे निरनिराळे हात होते आणि प्रत्येकाने आपापला देव केला. बऱ्याच चकत्यांच्या कडेला धातूचे छोटे टोक राहिलेले असते. चकत्या एका माळेत ओतून मग तोडत, त्याची ती खूण. भिंगातून ती पाहिली की टांकसाळीतला कामाचा झपाटा डोळ्यांसमोर येतो.

हिएरोनच्या राज्यात एक मोठा विनोद दडलेला आहे. सोन्याच्या मुकुटात सोनाराने भेसळ केली का, हे शोधून काढायला त्याने आर्किमिडीजला सांगितले, ही विट्रुवियसने नोंदवलेली कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मुकुटातल्या सोन्याबद्दल एवढा चिकित्सक असलेल्या या राजाच्या बाजारात चालणारी नाणी मात्र काशाची होती आणि त्यांची किंमत धातूवर नव्हे, राजाच्या शब्दावर ठरत होती. इसवी सनापूर्वी 215 मध्ये हिएरोन गेला आणि 212 मध्ये रोमने सिराक्यूज घेतले. त्या धामधुमीत आर्किमिडीज मारला गेला. राणी फिलिस्टिसचा पदर घेतलेला देखणा चेहरा हिएरोनच्या काळच्या चांदीच्या नाण्यांवर आहे आणि तिचे नाव सिराक्यूजच्या नाट्यगृहातही कोरलेले आहे. पण त्या नगरात रोज हातात आली असतील ती हीच पोसायडनची नाणी.

काशाला काळाने दिलेला रंग हा त्याच्या सौंदर्याचा भाग आहे. जमिनीतल्या क्षारांप्रमाणे कुठे गर्द हिरवा, कुठे तपकिरी, कुठे काळा असा पॅटिना चढतो. चांगला पॅटिना घट्ट आणि गुळगुळीत असतो आणि खोलगट जागेतली माती त्याला उठाव देते. जुने नाणे हाती आले की चिंच, लिंबू, राख लावून ते ‘लख्ख’ करण्याची आपल्याकडची हौस इथे घात करते. नाण्याचा दोन हजार वर्षांचा पृष्ठभाग पाच मिनिटांत जातो आणि त्याबरोबर बारीक कोरीवकामही जाते. फिकट हिरवी भुकटी दिसली आणि बोटाला लागली तर मात्र सावध व्हावे. तो क्लोराइडमुळे होणारा कांस्यरोग. दमट हवेत वाढतो आणि नाणे पोखरतो. आपल्या किनारपट्टीच्या हवेत काशाची नाणी कोरडी ठेवणे हे निम्मे संगोपन आहे.

खोट्या नाण्यांची गोष्ट नाण्यांइतकीच जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कार्ल व्हिल्हेल्म बेकर याने स्वतः ठसे कोरून ग्रीक-रोमन नाणी पाडली. ती जुनी दिसावीत म्हणून तो त्यांना लोखंडाच्या किसात आणि चरबीत घालून घोडागाडीखाली बांधायचा आणि फेरफटका मारून आणायचा, अशी आख्यायिका आहे. 2012 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका नामवंत संग्राहकाला सिसिलीची चोरटी समजून विकायला काढलेल्या अत्यंत मौल्यवान नाण्यांसह अटक झाली. तपासणीत नाणीच बनावट निघाली! न्यायालयाने दिलेल्या शिक्षेत, उगमाचा पुरावा नसलेल्या नाण्यांच्या व्यापारावर एक लेख लिहिणे हाही भाग होता. जाणकाराचा डोळाही लोभापुढे कसा मिटतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण नाही.

उगमाची बाब केवळ कायद्याची नाही. तुर्कस्तानात एल्माली येथे 1984 मध्ये सुमारे 1,900 ग्रीक नाण्यांचा साठा उकरला गेला आणि चोरट्या मार्गाने परदेशी गेला. अथेन्सचे अतिदुर्मीळ डेकाड्राक्म, म्हणजे दहा ड्राक्मांची नाणी, त्यात होती. 1999 मध्ये त्यातला मोठा भाग तुर्कस्तानला परत मिळाला. पण कोणते नाणे कोणत्या मडक्यात, कशाबरोबर होते, हे ज्ञान कायमचे बुडाले. नाणे परत येऊ शकते, त्याची जागा परत येत नाही.

मराठी वाचकाला या परंपरेचे शेवटचे टोक पाहण्यासाठी सिसिलीला जायची गरज नाही. अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने ड्राक्मे भडोचच्या बाजारात अजून चालतात, असे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात नोंदले आहे. त्याच घराण्यातली नाणी क्षत्रप नहपानाने पाडली: पुढे राजाचा बाजूचा चेहरा, कडेने ग्रीक अक्षरे. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे त्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकला आहे. नहपानाच्या गालावर चैत्याची कमान बसली आहे आणि तिच्या खालून नाक, डोळा आणि कडेची ग्रीक अक्षरे डोकावतात. ग्रीक शैलीचे हे उतरलेले रूप आहे. डोळा ढोबळ, अक्षरे बोबडी. पण चेहऱ्याला बाजूच्या एका रेषेत पकडण्याची युक्ती तीच.

आता ज्याला या छंदात उतरायचे आहे त्याच्यासाठी चार शब्द. नाण्याआधी पुस्तक घ्या; बार्कले हेडचा ‘हिस्टोरिया न्युमोरम’ जुना असला तरी नगरांचा नकाशा डोक्यात बसवतो. आधी संग्रहालयातली आणि जुन्या लिलावांच्या याद्यांतली शेकडो नाणी पाहा. विकत घ्याल ते 1970 पूर्वीच्या मालकीची कागदोपत्री नोंद असलेले घ्या; त्या साली युनेस्कोने सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध करार केला, तेव्हापासून तो उंबरठा मानला जातो. न झिजलेल्या पण बोथट नाण्यापेक्षा झिजलेले पण नीट मध्यावर पडलेले नाणे केव्हाही चांगले. आणि सुरुवात काशापासून करा. किमोनची आरेथुसा ग्रीक नाणेकलेचे शिखर आहे यात वाद नाही; पण शिखराची उंची कळायला आधी पायथा चालावा लागतो. हिएरोनचा त्रिशूळ ज्याला वाचता येत नाही, त्याने आरेथुसावर पैसे घालू नयेत.